समुद्रतारेचा पारखी : लॉर्ड केल्व्हिन

ऑगस्ट १८५८ मध्ये युरोप आणि अमेरिका हे दोन खंड प्रथमच एका तारेने जोडले गेले. आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशी सुमारे दोन हजार मैल लांबीची तार पसरली होती. दोन्हीकडे घंटा वाजल्या, तोफा झडल्या, मिरवणुका निघाल्या. आतषबाजीच्या ठिणग्यांनी न्यूयॉर्कच्या नगरभवनाचा घुमटही पेटला. पण ज्या तारेसाठी हा उत्सव चालला होता, ती तार पहिल्या दिवसापासून आजारी होती. इंग्लंडच्या राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठविलेला सुमारे शंभर शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सोळा तासांहून अधिक वेळ लागला. सप्टेंबर उजाडला तशी तारेतील खूण अधिकाधिक क्षीण होत गेली आणि लवकरच तार कायमची मुकी झाली. लोकांचा उत्साह क्षणात संतापात बदलला. काहींना तर असे वाटू लागले, की तार कधी बोललीच नव्हती आणि हा सारा भागभांडवल उभारण्याचा बनाव होता.

तार का बिघडली, कोठे बिघडली आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारी माणसे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ग्लासगो विद्यापीठातील चौतीस वर्षांचे प्राध्यापक विल्यम थॉमसन हे त्यांत अग्रगण्य होते. पुढे जग त्यांना लॉर्ड केल्व्हिन या नावाने ओळखू लागले. तापमान मोजण्याच्या निरपेक्ष मापाला आज त्यांचेच नाव आहे. त्यामुळे शाळेच्या पुस्तकांत ते भेटतात ते उष्णतेच्या प्रकरणात. मात्र त्यांच्या हयातीत सामान्य माणसाला ते ठाऊक झाले ते समुद्रतारेमुळे.

विल्यम यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील जेम्स थॉमसन गणिताचे शिक्षक होते. विल्यम सहा वर्षांचे असताना आई वारली. त्यानंतर मुलांचे संगोपन आणि शिक्षण ही दोन्ही कामे वडिलांनी स्वतःकडे घेतली. ग्लासगो विद्यापीठात वडिलांची गणिताच्या प्राध्यापकपदी नेमणूक झाल्यावर कुटुंब स्कॉटलंडला गेले आणि विल्यम यांनी वयाच्या दहाव्या वर्षी त्याच विद्यापीठात नाव घातले. तेथे लहान वयाची मुले त्या काळी घेत असत; तरीही दहा वर्षांचा विद्यार्थी ही नवलाचीच गोष्ट होती.

सोळाव्या वर्षी त्यांच्या हाती फ्रेंच गणिती फूरिये यांचा उष्णतेवरील ग्रंथ आला. एखाद्या धातूच्या सळईचे एक टोक तापविले, तर उष्णता दुसऱ्या टोकाकडे कशी सरकत जाते, याचे गणित त्यात मांडलेले होते. ग्रंथ कठीण होता. या मुलाने तो पंधरवड्यात पचविला आणि त्या गणितावर आक्षेप घेणाऱ्या एका प्राध्यापकाला उत्तर देणारा लेखही पुढच्याच वर्षी, टोपणनावाने, प्रसिद्ध केला. उष्णतेचे हे गणित चौदा वर्षांनी समुद्रतळाशी असलेल्या तारेला लागू पडेल, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

केंब्रिज येथील शिक्षण १८४५ मध्ये पूर्ण करून विल्यम काही महिने पॅरिसला राहिले. रेन्यो या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांना काटेकोर मापनाची शिस्त शिकावयास मिळाली. १८४६ मध्ये, केवळ बावीस वर्षांचे असताना, ते ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. हे पद त्यांनी पुढे त्रेपन्न वर्षे भूषविले. त्या काळी विद्यार्थी केवळ व्याख्याने ऐकत आणि प्रयोग दुरून पाहत. थॉमसन यांनी विद्यापीठाच्या इमारतीतील दारूचे एक जुने तळघर मिळविले आणि तेथे विद्यार्थ्यांच्या हाती उपकरणे दिली. ब्रिटनमधील विद्यार्थ्यांसाठीच्या अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांत या कोंदट तळघराची गणना होते.

समुद्रतारेशी त्यांचा संबंध आला तो १८५४ मध्ये. जमिनीवर खांबांवरून जाणाऱ्या तारा तोपर्यंत सर्वत्र रुळल्या होत्या. समुद्राखालून इंग्लंड आणि फ्रान्सही जोडले गेले होते. परंतु पाण्याखालच्या लांब तारेचा एक विचित्र दोष लक्षात येऊ लागला होता. एका टोकाला कळ दाबली, की दुसऱ्या टोकाला वीज लगेच लख्खपणे न उमटता हळूहळू चढत जाई आणि कळ सोडल्यावरही रेंगाळत राही. खुणा भराभर पाठविल्या, तर एकीची शेपटी दुसरीच्या डोक्यात मिसळे आणि वाचणाऱ्याला काहीच बोध होत नसे. मायकेल फॅरडे यांनी याचे कारण ओळखले होते. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चाचे आवरण आणि बाहेर समुद्राचे पाणी, अशी ही रचना म्हणजे वीज साठविणारे एक लांबच लांब भांडेच होते. गटापर्चा हा मलायातील एका झाडाचा चीक. तो वीज वाहू देत नाही आणि पाण्यात कुजत नाही. तारेच्या पलीकडच्या टोकाला वीज पोहोचण्यापूर्वी हे सारे भांडे भरावे लागे आणि पुढची खूण पाठविण्यापूर्वी ते रिकामे व्हावे लागे.

स्टोक्स या गणितज्ञ मित्राने पत्र पाठवून थॉमसन यांना याविषयी विचारले. थॉमसन यांना तरुणपणी वाचलेले फूरिये यांचे गणित आठवले. तारेत वीज पसरते ती सळईत उष्णता पसरावी तशी, हे त्यांनी ताडले आणि एक नियम काढला. तारेची जाडी आणि आवरण तेच ठेवून लांबी दुप्पट केली, तर खुणेला लागणारा विलंब चौपट होतो. लांबी दहापट केली, तर शंभरपट होतो. हा नियम १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. अटलांटिकच्या तारेची स्वप्ने पाहणाऱ्यांना ही वार्ता मुळीच रुचणारी नव्हती.

अमेरिकन व्यापारी सायरस फील्ड यांच्या पुढाकाराने १८५६ मध्ये अटलांटिक टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली. तिचे विद्युत्‌तज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. ते पेशाने शल्यवैद्य होते. विजेचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या हौसेने आणि कष्टाने केले होते. थॉमसन यांचा नियम कागदावर ठीक असला तरी प्रत्यक्ष तारेला लागू पडत नाही, असे त्यांनी जाहीरपणे मांडले. बारीक तार पुरेशी आहे आणि लांब पल्ल्यासाठी विजेचा दाब वाढविला की काम भागेल, असे त्यांचे मत होते. थॉमसन यांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. तांबे जाड हवे, आवरणही जाड हवे, वीज सौम्य वापरावी आणि ती ओळखणारे उपकरण अत्यंत नाजूक असावे, असे ते सांगत. वाद वरवर तांत्रिक दिसे, परंतु त्यावर लाखो पौंडांचे भवितव्य अवलंबून होते. थॉमसन कंपनीचे संचालक म्हणून निवडून आले. तोपर्यंत तारेची मागणी नोंदविली गेली होती आणि तिच्यात एका सागरी मैलाला अवघे १०७ पौंड तांबे घालण्याचे ठरून गेले होते. आपल्या मताविरुद्ध तयार होत असलेल्या तारेसाठी थॉमसन यांनी पुढे जे कष्ट केले, ते विनावेतन केले. संचालक म्हणून राजीनामा देऊन मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते.

तार घडविण्याचे काम दोन कारखान्यांना वाटून दिले होते. कामाच्या घाईत एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. बाहेरच्या लोखंडी तारांचा पीळ एका कारखान्याने उजवीकडे दिला आणि दुसऱ्याने डावीकडे. भर समुद्रात दोन्ही तुकडे जोडले असते, तर एकाचा पीळ दुसऱ्याला उलगडत राहिला असता. शेवटी त्यासाठी खास प्रकारचा सांधा तयार करावा लागला. थॉमसन यांना आणखी एक दोष सापडला. तांब्याचे नमुने तपासताना त्यांना आढळले, की दिसण्यात सारखे असलेले तांबे वीज वाहून नेण्यात सारखे नसते. किंचित भेसळही पुष्कळ अडथळा निर्माण करते. तेव्हापासून त्यांनी शुद्ध तांब्याचा आणि प्रत्येक तुकड्याच्या चाचणीचा आग्रह धरला. कारखान्यात माल तयार होत असतानाच विजेच्या दृष्टीने तो पारखून घेण्याची पद्धत रूढ होण्यास या आग्रहाचा मोठा हातभार लागला.

१८५७ मधील पहिली मोहीम तीनशेहून अधिक मैल तार टाकल्यावर तार तुटल्याने फसली. १८५८ च्या जूनमध्ये ॲगामेम्नॉन आणि नायगारा ही दोन जहाजे तार घेऊन पुन्हा निघाली. या वेळी भर समुद्रात दोन्ही टोके जोडून एका जहाजाने पूर्वेकडे आणि दुसऱ्याने पश्चिमेकडे जावयाचे होते. व्हाइटहाउस यांनी प्रकृतीचे कारण सांगून प्रवास टाळला आणि त्यांच्या जागी थॉमसन ॲगामेम्नॉनवर चढले. वाटेत आठवडाभराहून अधिक काळ वादळाने जहाजाला झोडपले. कोळशाच्या राशी सुटल्या, खलाशी जखमी झाले, जहाज उलटते की काय अशी वेळ आली. त्यातून सावरून जोडणी झाली, तर तार लागोपाठ तीनदा तुटली. एकदा तर दोन्ही जहाजांवरील यंत्रे एकाच सुमारास मुकी झाली. बिघाड दुसऱ्याच्या बाजूला आहे, असे दोघांनीही धरून चालले. दोन्ही जहाजे भेटल्यावर नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा तार खाली समुद्रातच तुटली असली पाहिजे असे दिसून आले. जोडलेल्या दोन यंत्रांमधील संवाद खुंटला, की प्रत्येक बाजू प्रथम दुसरीकडे बोट दाखविते. ही रीत संगणकांच्या जमान्यात सुरू झालेली नाही.

जुलैअखेर शेवटचा प्रयत्न झाला. २९ जुलैला मध्यसमुद्रात सांधा घातला गेला. त्याच संध्याकाळी ॲगामेम्नॉनवरील वेटोळ्यात तारेचा एक तुकडा दुखावलेला आढळला. तो भाग समुद्रात जाण्यापूर्वी कापून नवा सांधा घालणे भाग होते. ते काम चाललेले असतानाच पलीकडील जहाजाची खूण येईनाशी झाली. थॉमसन अंधाऱ्या खोलीत उपकरणासमोर बसून होते. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे, की त्यांचे हात थरथरत होते आणि डोळ्यावरील काच नीट बसविणेही त्यांना जमत नव्हते. सांधा झाला तरी खूण परतली नाही. सर्वांनी आशा सोडली असता, काही वेळाने ती आपोआप परतली. ५ ऑगस्टला तारेची दोन्ही टोके किनाऱ्याला लागली.

त्या रात्री थॉमसन ज्या उपकरणाकडे डोळे लावून बसले होते, ते त्यांनी स्वतःच त्या वर्षी तयार केले होते. त्याला आरशाचे गॅल्व्हानोमीटर म्हणतात. बारीक तारेच्या गुंडाळीच्या मध्यभागी रेशमाच्या एका धाग्याला नखाएवढा आरसा टांगलेला असतो आणि आरशाच्या पाठीला इवलेसे चुंबक चिकटविलेले असते. समोर दिवा असतो. गुंडाळीतून अगदी क्षीण वीज गेली, तरी चुंबक किंचित वळते, त्याबरोबर आरसा वळतो आणि दिव्याचा कवडसा समोरच्या पट्टीवर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. प्रकाशाला वजन नाही. म्हणून या काट्याला कितीही लांब करता येते. कवडसा डावीकडे गेला तर एक खूण, उजवीकडे गेला तर दुसरी. यासाठी मोठा दाब नको, काही साध्या घटांची वीज पुरते.

किनाऱ्यावर तार लागल्यावर मात्र सूत्रे पुन्हा व्हाइटहाउस यांच्याकडे गेली. त्यांनी आपली पाच फूट लांबीची प्रवर्तन-गुंडाळी तारेला जोडली आणि सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. त्यांचे स्वतःचे ग्रहणयंत्र येणारी खूण नोंदवू शकले नाही. तेव्हा मुकाट्याने थॉमसन यांचे उपकरण लावून संदेश वाचले गेले आणि ते आपल्याच यंत्राने मिळाल्याचे कंपनीला भासविले गेले. बिघाड बंदराजवळच असावा या समजुतीने व्हाइटहाउस यांनी संचालकांच्या इच्छेविरुद्ध किनाऱ्याजवळची तार उचलण्याचेही काम काढले. १७ ऑगस्टला कंपनीने त्यांना कामावरून दूर केले. परंतु दाबामुळे आवरणातील कमकुवत जागा अधिकच रुंदावली होती आणि तेथून वीज समुद्रात झिरपत होती.

या अल्पायुषी तारेने जे थोडे संदेश नेले, त्यांतील एकाचा भारताशी संबंध होता. १८५७ च्या उठावामुळे ब्रिटिश सरकारने कॅनडातील दोन पलटणींना परत बोलाविले होते. ऑगस्ट १८५८ पर्यंत त्यांची गरज उरली नव्हती. तात्या टोपे तेव्हाही मध्य भारतात आणि राजपुतान्यात लढत होते, पण लंडनच्या हिशेबात युद्ध संपल्यातच जमा होते. पलटणींनी निघू नये, असा आदेश ३१ ऑगस्टला तारेने गेला आणि सरकारचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले. दूरच्या देशांवर राज्य करणाऱ्यांना तारेचे मोल एवढ्या एका संदेशाने कळून चुकले.

तार मुकी झाल्यावर बिघाडाची जागा शोधण्याचे काम सुरू झाले. दोन मैल खोल पाण्यातील तार डोळ्यांना दिसणे अशक्य होते. तरीही किनाऱ्यावर बसून तिची नाडी पाहता येत होती. तारेच्या एका मैलाचा विजेला होणारा रोध आधी मोजून ठेवलेला असला आणि तारेतील तांबे कोठे तरी समुद्राच्या पाण्याला भिडले असले, तर किनाऱ्यापासून त्या जागेपर्यंतचा एकूण रोध मोजावा. त्याला मैलाच्या रोधाने भागले, की अंतर मिळते. तांबे आतल्या आत तुटले असेल आणि आवरण शाबूत असेल, तर वीज कोठेच निसटत नाही. तेव्हा रोधाऐवजी तारेत किती वीज साठते ते मोजावयाचे. अर्थात प्रत्यक्षात हे इतके सरळ नसते. समुद्राच्या पाण्याने तांब्याच्या टोकावर रासायनिक क्रिया होते, त्यामुळे मोजमाप बदलत राहते. तरी या पद्धतीने व्हॅलेन्शियापासून अडीचशे ते तीनशे मैलांच्या दरम्यान मोठा दोष असल्याचा अंदाज बांधता आला.

सारा दोष एकट्या व्हाइटहाउस यांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. तार घाईने केलेली होती. काही ठिकाणी तांबे आवरणाच्या मध्यभागी नव्हते. मधल्या काळात ती उघड्यावर राहिल्याने उन्हाने गटापर्चा मऊ झाला होता. अशी तार सौम्य विजेवरही फार काळ टिकली नसती. सरकार आणि कंपनी यांनी मिळून नेमलेल्या समितीने या अपयशाची सविस्तर चौकशी केली आणि १८६१ मध्ये अहवाल सादर केला. थॉमसन यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. तार पाण्यात टाकण्यापूर्वी, टाकताना आणि टाकल्यावर अखंड तपासली पाहिजे, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

या चौकशीतून पुढे आलेली एक अडचण वरवर किरकोळ वाटते. प्रत्येक अभियंता विजेचा रोध आपापल्या मापाने मोजत होता. एकाचे माप म्हणजे अमुक जाडीची मैलभर तार, दुसऱ्याचे माप आणखी निराळे. अशा स्थितीत एकाने मोजलेली तार दुसऱ्याला कशी तपासता येणार? थॉमसन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये विद्युत्‌मापांसाठी समिती नेमली. तिच्या कामातून रोधाचे प्रमाणित एकक तयार झाले. आज दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या मीटरवर दिसणारे ओहम हे एकक त्याच परंपरेतले आहे.

याच सुमारास बर्फावर दगडी गोटे सरकविण्याचा खेळ खेळताना थॉमसन पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. कित्येक महिने ते अंथरुणाला खिळून होते. पुढे आयुष्यभर ते लंगडत चालत, तरी जहाजावर जाण्याची त्यांची हौस कमी झाली नाही.

१८६५ मध्ये नवी तार घेऊन ग्रेट ईस्टर्न हे प्रचंड जहाज निघाले. त्याची लांबी ६९२ फूट होती. सारी तार एकट्याच्या पोटात मावेल असे ते त्या काळचे एकमेव जहाज होते. नव्या तारेत सागरी मैलाला ३०० पौंड तांबे होते. थॉमसन यांचा जुना आग्रह अखेर मान्य झाला होता. ते सल्लागार म्हणून जहाजावर होते. चौऱ्याऐंशी मैल तार टाकली गेली आणि चाचणीत दोष दिसला. तार परत ओढून पाहिली, तेव्हा लोखंडी तारेचा एक तुकडा आवरणात घुसून तांब्याला भिडलेला आढळला. पुढे असे आणखी दोष निघाले. कोणी मुद्दाम घातपात करीत असल्याचा संशयही काही काळ पसरला होता. सुमारे १,२०० मैल तार टाकून झाल्यावर २ ऑगस्टला असाच एक दोष काढण्यासाठी तार मागे ओढली जात असताना ती तुटली आणि दोन मैलांहून अधिक खोल पाण्यात गेली. लोखंडी गळ टाकून ती अनेकदा पकडली गेली. दर वेळी गळाचा दोरच तुटला.

पुढल्या वर्षी तिसरी तार तयार झाली. १३ जुलै १८६६ रोजी ग्रेट ईस्टर्न व्हॅलेन्शियाहून निघाले आणि २७ जुलैला न्यूफाउंडलंडच्या हार्ट्‌स कंटेंट या लहानशा बंदरात तार किनाऱ्याला लागली. मिनिटाला सहा ते आठ शब्द जाऊ लागले. एवढ्यावर न थांबता जहाज मागे फिरले आणि वर्षापूर्वी बुडालेले टोक शोधू लागले. महिनाभर गळ टाकण्याचे काम चालले. सप्टेंबरच्या आरंभी टोक वर आले, तेव्हा चाचणीच्या खोलीत माणसे श्वास रोखून उभी होती. विलोबी स्मिथ यांनी टोक साफ करून यंत्राला जोडले. तिकडे व्हॅलेन्शियात वर्षभर कोणी ना कोणी कवडशावर नजर ठेवून होते. मृत तारेसमोर बसण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नसेल. त्या पहाटे कवडसा अकस्मात हलू लागला. जहाजावर उत्तराची खूण आली आणि माणसे ओरडत सुटली. पुढच्या काही दिवसांत दुसरी तारही पूर्ण झाली.

मोठ्या दाबाचा वाद कोणत्या बाजूने मिटला, हे त्याच शरद ऋतूत एका गमतीदार प्रयोगाने दिसले. लॅटिमर क्लार्क या अभियंत्याने दोन्ही तारांची पलीकडची टोके जोडून घेतली, शिवणकामातील चांदीच्या टोपणात थोडे आम्ल व जस्ताचा तुकडा घालून चिमुकला विद्युत्‌घट केला आणि त्याच्या बळावर महासागर ओलांडून परत येणारी खूण आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर पाहिली. व्हाइटहाउस यांच्या पाच फुटी गुंडाळीने जे साधले नव्हते, ते शिंपिणीच्या टोपणाने साधले. नोव्हेंबर १८६६ मध्ये थॉमसन यांना सर ही पदवी मिळाली.

कवडसा टक लावून वाचणे डोळ्यांना फार शिणविणारे होते. एकाने पाहून उच्चारावे आणि दुसऱ्याने लिहावे लागे. चूक झाली तर पुन्हा पाहण्यास पुरावा उरत नसे. थॉमसन यांनी १८६७ मध्ये यावर वक्रनलिका-लेखक हे यंत्र काढले. त्यात केसासारखी बारीक काचनळी पुढे सरकणाऱ्या कागदी पट्टीवर शाईची नागमोडी रेघ ओढते. नळी कागदाला टेकली असती तर घर्षणाने अडली असती. म्हणून शाईलाच विद्युत्‌भारित करून तिचे थेंब कागदावर उडविण्याची युक्ती योजली होती.

भारताशी थॉमसन यांच्या कामाचा संबंध दोन वाटांनी आला. १८६७ मध्ये विल्यम आयर्टन या तरुणाची भारत सरकारच्या तारखात्यात निवड झाली आणि त्याला आधी ग्लासगोला थॉमसन यांच्याकडे शिकण्यास पाठविण्यात आले. १८६८ मध्ये तो भारतात आला. लांबच लांब जमिनीवरील तारांत बिघाड कोठे आहे, हे दूर बसून ठरविण्याची पद्धत त्याने येथे लागू केली. त्यामुळे तार तपासत मैलोन्‌मैल चालणाऱ्या कामगारांचे कष्ट वाचले. दुसरी वाट समुद्रातून आली. ग्रेट ईस्टर्न जहाज उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून पांढरा रंग देऊन १८७० च्या आरंभी मुंबईस आले आणि फेब्रुवारीत तार टाकीत एडनकडे निघाले. त्या वर्षीच्या जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्रतारांनी जोडली गेली. मुंबईच्या कापसाचे भाव आणि लिव्हरपूलचा बाजार यांमधील अंतर त्यामुळे फारच कमी झाले.

पेटंटच्या उत्पन्नातून थॉमसन यांनी १८७० मध्ये लल्ला रूख नावाची शिडाची नौका घेतली. त्याच वर्षी दीर्घ आजारानंतर त्यांच्या पत्नी मार्गारेट निवर्तल्या. १८७३ मध्ये ब्राझीलच्या तारेसाठी निघालेल्या जहाजावर तारेत दोष निघाला आणि सोळा दिवस मदिरा बेटावर मुक्काम पडला. तेथील ब्लँडी कुटुंबाशी थॉमसन यांचा स्नेह जुळला. पुढल्या वर्षी ते आपल्या नौकेतून परतले आणि बंदरात शिरतानाच त्यांनी फॅनी ब्लँडी यांना निशाणीच्या संकेतांनी लग्नाची मागणी घातली. होकारही संकेतानेच आला. तारेतील बिघाडांनी थॉमसन यांना पुष्कळ मनस्ताप दिला. या एका बिघाडाबद्दल त्यांची तक्रार नसावी.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी जहाजांचे होकायंत्र सुधारले, पोलादी तारेने समुद्राची खोली मोजण्याचे यंत्र केले आणि १८८१ मध्ये स्वतःचे घर विजेच्या दिव्यांनी उजळविले. सर्वच ठिकाणी त्यांचा अंदाज बरोबर ठरला असे नाही. पृथ्वीचे वय त्यांनी दोन ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान मानले; आज ते सुमारे साडेचारशे कोटी मानले जाते. हवेपेक्षा जड विमानांवरही त्यांचा विश्वास नव्हता. समुद्रतारेच्या गणितात त्यांनी तारेच्या स्वयंप्रवर्तनाचा विचार केला नव्हता. मंद खुणांसाठी त्याने फारसे अडत नव्हते, पण टेलिफोन आल्यावर ते नडू लागले. ऑलिव्हर हेविसाइड या एकाकी संशोधकाने ही उणीव भरून काढली. तारखात्यातील वरिष्ठ त्याची उपेक्षा करीत असताना थॉमसन यांनी १८८९ मधील आपल्या अध्यक्षीय भाषणात त्याच्या कामाचे मोठेपण उघडपणे मान्य केले.

१८९२ मध्ये त्यांना लॉर्ड हा किताब मिळाला. नावासाठी त्यांनी केल्व्हिन हा शब्द निवडला. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या लहानशा नदीचे ते नाव आहे. १८९९ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि लगेच त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांनी आपले नाव नोंदविले. १७ डिसेंबर १९०७ रोजी स्कॉटलंडमधील लार्ग्ज येथील घरी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्या समाधीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.